डिएंग

इंडोनेशियाच्या मध्य जावा प्रांतातील ज्वालामुखी खोरे आणि त्यातला शेतीप्रधान मुलूख. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर. सगळीकडे याला ‘पठार’ म्हणतात, पण आकार परातीसारखा आहे: भोवती डोंगरांची कड, तळाशी विझलेली-जागती विवरे, तळी आणि दलदल. ‘डिएंग’ या नावात ‘हियांग’ म्हणजे देव हा जुना जावानी शब्द असून देवांचे ठिकाण असा त्याचा अर्थ लावतात. पश्चिमेकडची गावे बांजारनगारा जिल्ह्याच्या बातुर तालुक्यात, तर पूर्वेकडची वोनोसोबो जिल्ह्याच्या कजाजार तालुक्यात येतात. हद्दीमुळे खुद्द डिएंगचेही कुलोन (पश्चिम) आणि वेतान (पूर्व) असे दोन भाग झाले आहेत.

बाहेरच्यांना डिएंग ठाऊक असते ते देवळांमुळे. सातव्या-आठव्या शतकांच्या सुमाराची ही शैव मंदिरे जावातील सर्वांत जुन्या दगडी वास्तूंपैकी आहेत. इथे सापडलेल्या एका शिलालेखावर शके ७३१ (इ. स. ८०९) असा काळ आहे. अर्जुन, भीम, घटोत्कच, पुंतादेवा (आपला युधिष्ठिर), सेंबाद्रा (सुभद्रा) ही देवळांची नावे मराठी वाचकाला घरची वाटतील, पण ती मूळची नव्हेत. लोकांनी फार नंतर छायानाट्यातल्या पात्रांवरून ठेवलेली आहेत. एका देवळाचे सेमार हे नाव मात्र महाभारतात शोधून सापडणार नाही. तो जावाचा स्वतःचा विदूषक-देव.

या भागाचा खरा कारभार मात्र बटाट्याच्या हाती आहे. पूर्वी इथे मका आणि तंबाखू होई. १९८० च्या दशकापासून बटाट्याने सगळे व्यापले, आणि ‘ग्रानोला’ हे वाण घरोघर पोचले. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हाती येते आणि थंड हवेमुळे वर्षातून एकाहून अधिक वेळा घेता येते. त्या पैशातून पक्की घरे उभी राहिली, कित्येकांची हज यात्राही झाली. कोंबडखताच्या गोण्या रस्त्याच्या कडेला रचलेल्या दिसतात. त्यांचा वास गंधकाच्या वासात मिसळतो. कोरड्या हंगामात तळ्यांवर पंप बसतात आणि पाण्याच्या नळ्या डोंगरभर गुंत्यासारख्या पसरतात.

खरी गोम सऱ्यांच्या दिशेत आहे. उताराला आडव्या सऱ्या पाडल्या तर माती टिकते, पण पाणी साचून बटाटा सडतो. म्हणून शेतकरी सऱ्या उभ्या, वरून खाली पाडतो. पाऊस झाला की पाणी सुटते आणि सोबत सुपीक मातीही जाते. सेरायू नदी इथेच उगम पावते. ही माती तिच्यातून खाली बांजारनगाराजवळच्या म्रिचा धरणात जाऊन बसते. शेतकऱ्याला हे कळत नाही असे मुळीच नाही. यंदाचे बेणे आणि खताची उधारी त्याला आधी दिसते, इतकेच.

जून ते ऑगस्ट या कोरड्या महिन्यांत कधीकधी पहाटे दव गोठते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी असे झाले की आपल्याकडे फोटो काढायला गर्दी होते. तशी ती इथेही होते. शेतकरी मात्र याला ‘एंबुन उपास’, म्हणजे विषारी दव म्हणतो, कारण ऊन चढेपर्यंत बटाट्याची पाने भाजल्यासारखी काळी पडतात.

इथल्या काही मुलांच्या केसांत लहानपणी तापानंतर आपोआप जट धरते. ही जट मनाला येईल तेव्हा कापत नाहीत. मूल स्वतः ‘काप’ म्हणेल तेव्हाच, आणि तेही त्याने मागितलेली वस्तू दिल्यावर. कुणी बकरी मागते, कुणी सायकल. कापलेले केस वाहत्या पाण्यात सोडतात. महाराष्ट्रात जट आली की मुलगी देवीला वाहण्याची प्रथा होती, तिची आठवण इथे होते. पण डिएंगची जट मुलाला कुठे बांधून टाकत नाही, ती एका हट्टाच्या मोबदल्यात सुटते.

खोऱ्यात भूगर्भातील वाफेवर वीज तयार होते. सिकिदांग विवरात राखाडी चिखल उकळत असतो. वाफेचे तोंड हरणासारखे जागा बदलते म्हणून ते नाव (‘किदांग’ म्हणजे हरीण). धोका मात्र न दिसणाऱ्या वायूचा आहे. २० फेब्रुवारी १९७९ रोजी पहाटे सिनिला विवरात स्फोट झाले. घाबरलेले गावकरी वाटेने पळाले आणि तिंबांग विवराच्या बाजूने सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या लोटात सापडले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने वारा नसेल तर सखल जागी पाण्यासारखा साचतो. २०११ मध्येही तिंबांगमधून तो वाढला आणि आसपासच्या लोकांना हलवावे लागले. त्याच उतारांवर आज बटाटा लावलेला असतो.