काचपट्टी कोरी, ताप मात्र खरा

रोवणीचे दिवस आले की गडचिरोलीतल्या धानोरा-एटापल्लीकडच्या गावांतून हिवतापाच्या तपासणीसाठी रक्ताच्या काचपट्ट्यांचे गठ्ठे माझ्याकडे येऊ लागतात. सोबत एक प्रश्नही येतो. "म्याडम, रिपोर्ट निल आला. मंग हा ताप कायचा व्हय?" गेल्या पावसाळ्यात एका तरुण शेतमजुराने मला हे विचारलं तेव्हा तो हुडहुडी भरून थरथरत होता. त्याच्या हातातली चिठ्ठी खोटी नव्हती, आणि तापही खोटा नव्हता.

आशाताई बोट टोचून काचपट्टीवर दोन लेप देतात. पातळ लेपात तांबड्या पेशी शेजारी शेजारी पसरतात, त्यामुळे जंतू कोणत्या जातीचा ते ओळखता येतं. जाड लेपात पेशींचे थरावर थर असतात. तो वाळल्यावर खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं जेमतेम वाचता यावीत, एवढाच जाड हवा. रंग देताना पाण्यामुळे तांबड्या पेशी फुटून विरघळतात. मागे उरतात पांढऱ्या पेशी आणि हिवतापाचे जंतू. हा रंग म्हणजे जेएसबी. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी तो १९४४ मध्ये भारतातच तयार केला. जंतूचं केंद्रक त्यात तांबडं दिसतं, बाकीचं अंग निळं.

आता थोडा हिशोब. 'निल', म्हणजे जंतू नाहीत, असं लिहिण्याआधी जाड लेपाची किमान १०० क्षेत्रं (भिंगातून एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक क्षेत्र) पाहायची असतात. एवढं पाहूनही तपासलं जातं साधारण पाव मायक्रोलिटर रक्त. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर, म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर रक्त असतं. दर मायक्रोलिटरमागे एकच जंतू धरला तरी अंगात ५० लाख जंतू झाले, आणि माझ्या काचपट्टीवर कदाचित एकही नाही!

पण खरी गंमत याच्या पुढची आहे. आमच्याकडे फार आढळणारा फाल्सिपेरम हा जंतू चक्क लपतो. तांबड्या पेशीत शिरल्यापासून ती फोडून बाहेर पडेपर्यंत त्याला साधारण ४८ तास लागतात. पहिले अठरा-वीस तास तो कोवळ्या कड्याच्या रूपात रक्तातून फिरतो. मग तो पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उभ्या करतो आणि त्यांवर पीएफईएमपी-१ नावाचं प्रथिन बसवतो. या प्रथिनाच्या आधाराने पेशी केशवाहिन्यांच्या भिंतीला, तिथल्या सीडी-३६ किंवा आयकॅम-१ या रेणूंना चिकटून बसते. या प्रथिनाची सुमारे ६० जनुकं जंतूकडे असतात. तो एका वेळी एकच वापरतो, आणि शरीराने ते ओळखलं की दुसरं काढतो. एवढा खटाटोप पाणथरीला, म्हणजे प्लीहेला, चुकवण्यासाठी. तिथून जाताना ताठर झालेली पेशी गाळली गेली असती. मेंदूच्या केशवाहिन्यांत अशी दाटी झाली की रोगी बेशुद्ध पडतो. गरोदर बाईच्या वारेत हे जंतू साठतात आणि बोटातलं रक्त स्वच्छ दिसू शकतं.

अंगातले बहुतेक जंतू एकाच वयाचे असतील, तर ते सगळे भिंतीला चिकटलेले असतानाच बोट टोचलं जाऊ शकतं. म्हणून संशय असेल तर १२ ते २४ तासांनी पुन्हा रक्त तपासायचं. 'ताप भरल्यावरच रक्त काढायचं' ही समजूत मात्र चुकीची. रोगी आला की लगेच, आणि औषधाआधी काढायचं. दुकानातून आणलेल्या मलेरियाच्या दोन गोळ्यांनी जंतू इतके कमी होतात की ते भिंगाखाली सापडत नाहीत. पण ते संपलेले नसतात.

मांत्रिकाच्या दोऱ्याबद्दलही बोललं पाहिजे. व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या जंतूचा ताप पुष्कळदा एक दिवसाआड येतो. जुनी माणसं त्याला तिजारी म्हणतात. तापाच्या दिवशी मांत्रिकाने दोरा बांधला, की दुसऱ्या दिवशी रोगी उठून बसणारच, कारण तो दिवस तापाचा नसतोच. श्रेय दोऱ्याला जातं, आणि तिसऱ्या दिवशीच्या तापाला 'बाधा मोठी आहे' असं उत्तर मिळतं. यात गेलेले दोन-तीन दिवस फाल्सिपेरमच्या रोग्याला, त्यातही लहान लेकराला, जिवावर बेततात.

नाल्याला पूर आला आणि काचपट्टी २४ तासांत पोचण्यासारखी नसली, तर आरडीके हे झटपट तपासणीचं किट वापरतात. ते फाल्सिपेरमचं एचआरपी-२ हे प्रथिन पकडतं. लपलेले जंतूही हे प्रथिन रक्तात सोडत असल्याने किटला त्यांचा पत्ता लागू शकतो. पण बरं झाल्यावरही ते प्रथिन कित्येक आठवडे रक्तात राहतं, म्हणून औषध लागू पडलं का हे पाहायला भिंगच हवं.

त्या तरुणाच्या गावातली किटं संपलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याची नवी काचपट्टी घेतली. सत्तर क्षेत्रांनंतर पहिलं कडं दिसलं, निळसर वर्तुळ आणि त्यावर खड्यासारखा तांबडा ठिपका. दुपारी त्याचं औषध सुरू झालं, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या घरातल्या बाकी चौघांच्या काचपट्ट्या माझ्या टेबलावर होत्या.