उन्हाचं गणित मांडणारी ग्रीक ओवरी

देवळाच्या ओवरीत घटकाभर टेकलेल्या माणसाला ग्रीकांचा 'स्टोआ' वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मागे भिंत, पुढे खांबांची रांग, वर छप्पर आणि कुणीही यावं-जावं अशी मोकळीक. ग्रीकांनी हे बांधकाम देवस्थानांत तर केलंच, पण शहराच्या भर चौकात, म्हणजे अगोरातही आणलं.

यातलं खरं कौतुक सूर्याचं. अथेन्स 38 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे ऐन उन्हाळ्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 75 अंश वर असतो, ऐन हिवाळ्यात जेमतेम 28 अंश. आता दक्षिणेकडे तोंड केलेला स्टोआ घ्या आणि छपराची कड 5 मीटर उंच धरा. उन्हाळ्यात ऊन सव्वा मीटरच्या आसपास आत येऊन थांबेल. हिवाळ्यात तेच नऊ मीटर आत शिरून मागची भिंत तापवेल. एकही झडप न हलवता उन्हाळ्यात सावली, थंडीत ऊब! ग्रीक लेखक झेनोफननं नोंदवलेल्या संवादात सॉक्रेटिस दक्षिणमुखी घरांबद्दल नेमकं हेच सांगतो.

छप्पर मात्र सोपं नव्हतं. रुंदी वाढली की लाकडी तुळयांना मध्ये आधार हवा, आणि मध्ये खांब दाटले की माणसांची वाट अडते. पेर्गामॉनचा (आजच्या तुर्कस्तानातलं एक ग्रीक राज्य) राजा दुसरा अट्टालॉस यानं इ.स.पू. दुसऱ्या शतकात अथेन्सला भेट म्हणून दिलेल्या स्टोआत याचं उत्तर दिसतं. लांबी सुमारे 115 मीटर, मजले दोन, मागे दुकानांची ओळ. तळमजल्यावर दर्शनी रांगेत 45 डोरिक, म्हणजे जाडसर, साध्या घडणीचे खांब; आतल्या रांगेत फक्त 22 आयोनिक, ग्रीकांच्या दुसऱ्या शैलीतले. बाहेरच्या खांबांवर दगडी तुळया होत्या. दगड दाब सोसतो, पण ताण पडला की तडकतो, म्हणून तिथे खांब एकमेकांच्या जवळ लागतात. आत लाकूड, म्हणून अंतर दुप्पट चाललं. आयोनिक खांब सडपातळ, त्यामुळे जागाही कमी अडली.

इ.स. 267 मध्ये हेरुली टोळ्यांनी हा स्टोआ उद्ध्वस्त केला. 1950 च्या दशकात अमेरिकी पुरातत्त्वज्ञांनी तो मूळ पायावर पुन्हा उभारला. आज तिथे अगोराचं संग्रहालय आहे.

अगोराच्या उत्तर कडेला आणखी एक स्टोआ होता, दक्षिणेकडे तोंड केलेला. ग्रीकांनी पर्शियनांना हरवलं त्या मॅरेथॉनच्या लढाईचं चित्र तिथे होतं, म्हणून नाव पडलं 'चित्रांचा स्टोआ'. इ.स.पू. 300 च्या सुमारास सायप्रसहून आलेला तत्त्वज्ञ झेनो तिथे येरझारा घालत शिकवायचा. त्याच्या शिष्यांना लोक 'स्टोइक' म्हणू लागले, म्हणजे ओवरीतली मंडळी.

मला सगळ्यात जवळची वाटते ती अट्टालॉसच्या स्टोआतली एक बारीक गोष्ट. दर्शनी डोरिक खांबांवर उभ्या पन्हळी कोरल्या आहेत, पण खालचा भाग गुळगुळीत सोडलाय. तिथे माणसं टेकणार, ओझी घासणार आणि पन्हळींच्या धारदार कडांचे टवके उडणार, हे बांधणाऱ्यांनी आधीच ओळखलं होतं.