एनएफएस की एसएसएचएफएस: बॅकअपचा सर्व्हर विश्वास कोणावर ठेवतो?

एनएफएस आणि एसएसएचएफएस म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरचा फोल्डर आपल्या मशीनला जोडायचे, म्हणजेच माउंट करायचे, दोन मार्ग. माउंट केल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘डीएफ’ मारला की यादीत एक ओळ, ‘एलएस’ मारला की फायली. म्हणून बॅकअपला यातलं कुठलंही चालेल असं वाटतं. फरक आहे तो पलीकडचा सर्व्हर कोणाला ओळखतो यात.

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सचं, १९८४ सालचं. नेटवर्कवर सगळी घरचीच माणसं असायची तेव्हाचं. नेहमीच्या मांडणीत सर्व्हर फक्त आयपी पत्ता बघतो. क्लायंट म्हणाला, ‘मी यूजर क्रमांक १००१’, की तो म्हणतो, ‘या, बसा.’ पासवर्ड नाही, किल्ली नाही. त्या मशीनवर ज्याच्याकडे रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं आहे, तो १००१ बनून त्याच्या सगळ्या फायली वाचू शकतो. खुद्द रूटला सर्व्हरवरचं ‘रूट स्क्वॅश’ हे सेटिंग अडवतं, आणि बॅकअपमध्ये फायलींची मूळ मालकी टिकावी म्हणून आपण नेमकं तेच बंद करतो! वर डेटा तारेवरून उघडाच जातो. केर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या यंत्रणेसोबत ‘केआरबी५पी’ हा पर्याय लावला तर ओळखही पटते, डेटाही कूटबद्ध होतो. पण दोन सर्व्हरसाठी तो संसार कोण मांडणार? २०२२ च्या आरएफसी ९२८९ या इंटरनेट मानकाने टीएलएसची, म्हणजे वेबसाइटवर असतं त्याच कूटबद्धीकरणाची, वाट दिली आहे, मात्र त्याला दोन्हीकडे नवं कर्नल हवं.

एसएसएचएफएस २२ क्रमांकाच्या पोर्टवरून, एसएफटीपीने, म्हणजे एसएसएच या सुरक्षित लॉगिनमधून फायली नेण्याच्या पद्धतीने, चालतं. इथे एसएसएच की किंवा पासवर्ड असेल त्यालाच दार उघडतं आणि सगळं कूटबद्ध. खटका मालकीचा: पलीकडे प्रत्येक फाइल लॉगिन करणाऱ्याच्या नावावर पडते. त्यामुळे सुट्या फायली न टाकता टार करून, म्हणजे सगळ्यांची एकच गठ्ठा-फाइल बांधून टाकावं, मालकीची नोंद आत राहते. लाखभर बारीक फायली टाकायला गेलात तर रात्र पुरायची नाही, त्यावरही टारच उपाय.

एकाच रॅकमध्ये, वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे इतरांपासून वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर असाल तर मी एनएफएस लावेन. इंटरनेटवरून जायचं असेल तर डोळे मिटून एसएसएचएफएस.

दोन्हींचा एक खोडसाळपणा मात्र सारखा. एकदा रात्री माझं माउंट झालंच नव्हतं. फायलींची नक्कल करणाऱ्या आरसिंकला काय, जोडणीसाठी ठेवलेला रिकामा फोल्डर दिसला, त्यात ओतत बसला. सकाळी इकडच्या सर्व्हरचीच मुख्य (रूट) पार्टिशन शंभर टक्के भरलेली, डेटाबेस बंद. तेव्हापासून स्क्रिप्टची पहिली ओळ फोल्डर खरंच जोडला आहे का हे ‘माउंटपॉइंट’ने तपासते आणि शेवटची ‘यूमाउंट’ करून तो सोडवते. रोजच्या कामात तो फोल्डर जोडलेलाच नसतो, त्यामुळे सर्व्हरवर चुकून फायली पुसणारं ‘आरएम’ चाललं तरी बॅकअपला हात लागत नाही.