घराच्या दर्शनी बाजूवर गावाची सही: अमेरिकी नियोजन मंडळांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एखाद्या लहान शहरात सहा-आठ घरांची इमारत बांधायची असेल तर दोन दारं ठोठवावी लागतात. पहिलं इमारत निरीक्षकाचं. तुळई किती भार पेलेल, जिना पुरेसा रुंद आहे का, वायरिंग नियमात बसतं का, एवढंच तो बघतो. नियमात बसलं की शिक्का, नाही बसलं की दुरुस्ती. दुसरं दार प्लॅनिंग बोर्डाचं, म्हणजे नियोजन मंडळाचं. तिथे गावातलीच पाच, सात किंवा नऊ माणसं बसलेली असतात, बहुतेक ठिकाणी बिनपगारी. कुणी वकील, कुणी निवृत्त शिक्षिका, नशीब असेल तर एखादा वास्तुविशारद. आसपासच्या घरमालकांना आधीच नोटिसा गेलेल्या असतात. अर्जदार चारही बाजूंचे नकाशे आणि विटांचे, पत्र्यांचे, रंगांचे नमुने मांडतो. मग प्रश्न येतात: छपराचा उतार एवढा कमी का? वरचा मजला थोडा मागे घेता येईल का? आणि शेवटी हमखास येणारा प्रश्न, ही इमारत परिसराशी सुसंगत आहे का?

मंडळ मंजुरी देतं, अटी घालून मंजुरी देतं, नकार देतं किंवा पुढची तारीख देतं. बांधणाऱ्याला सगळ्यात महाग पडते ती पुढची तारीख, कारण जमिनीच्या कर्जाचं व्याज सुनावणीसाठी थांबत नाही.

पहिल्या दाराबद्दल फारसं कुणी भांडत नाही. वाद असतो तो दुसऱ्या दाराचा. घर मजबूत आहे की नाही हे बघणाऱ्या व्यवस्थेला घर कसं दिसावं हे ठरवण्याचा अधिकार कधी मिळाला? अधिकार होता आरोग्य आणि सुरक्षिततेसाठी, आणि त्यात आवडीनिवडी हळूहळू, बऱ्याचदा मागच्या दाराने शिरल्या.

बांधकामावरच्या नियंत्रणाचं मूळ आगीत आहे. १६६६ मध्ये लंडन जळाल्यावर पुढच्याच वर्षी आलेल्या पुनर्बांधणी कायद्याने घरांचे चार वर्ग ठरवले, भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असाव्यात असा दंडक घातला आणि तपासायला सर्वेक्षक नेमले. अमेरिकेत हीच काळजी न्यूयॉर्कच्या भाड्याच्या चाळवजा इमारतींपाशी आली. १८६७, १८७९ आणि १९०१ असे तीन कायदे झाले. १८७९ च्या कायद्यातून दोन इमारतींच्या मध्ये अरुंद हवेची पोकळी सोडण्याची पद्धत आली. ती पोकळी प्रत्यक्षात कचरा टाकायची जागा झाली, आणि आग लागली की धुराडं. म्हणून १९०१ मध्ये मोठं अंगण, प्रत्येक खोलीला खिडकी, प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास अशा ठोस अटी आल्या. या सगळ्या अटी टेप लावून मोजता येण्याजोग्या होत्या. इमारत देखणी आहे का, हे कुणी विचारत नव्हतं.

पुढचं पाऊल जमिनीच्या वापराचं. लॉस एंजेलिसने १९०८ मध्ये निवासी विभाग वेगळे केले. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये सगळ्या शहराला लागू होणारा पहिला व्यापक झोनिंग ठराव, म्हणजे वापराप्रमाणे शहराचे विभाग पाडणारा ठराव, केला. त्यामागे दोन भित्या सांगतात. ब्रॉडवेवर १९१५ मध्ये उभी राहिलेली इक्विटेबल इमारत पदपथापासून सरळसोट वर गेली आणि आजूबाजूच्या रस्त्यांचा उजेड गेला, ही पहिली. दुसरी फारशी सांगितली जात नाही: फिफ्थ अव्हेन्यूच्या उंची दुकानांच्या मालकांना कपड्यांचे कारखाने आणि त्यांतले स्थलांतरित कामगार आपल्या फुटपाथवर नको होते. उजेडाचा प्रश्न खराच होता, पण ठरावाला जोर या दुकानदारांनीही लावला.

याच काळात मंडळही जन्माला आलं. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डने १९०७ मध्ये कायमचा नगर नियोजन आयोग नेमला, आणि असा आयोग नेमणारं ते पहिलं अमेरिकी शहर मानलं जातं. नगरसभा असताना वेगळ्या मंडळाची गरज काय, याचं उत्तर तेव्हाच्या राजकारणात सापडतं. शहरं पक्षांच्या दादा लोकांच्या मुठीत होती आणि परवानग्या विकल्या जात होत्या. सुधारणावाद्यांना वाटलं की निवडणूक न लढवणारे, पगार न घेणारे प्रतिष्ठित नागरिक बसवले तर निर्णय स्वच्छ होतील. वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांच्या खात्याने राज्यांसाठी झोनिंगचा नमुना कायदा १९२४ मध्ये छापला आणि नगर नियोजनाचा १९२८ मध्ये. या दुसऱ्या कायद्यात नऊ जणांच्या मंडळाची कल्पना होती, आणि त्यात बहुसंख्य साधे नागरिक. राज्यांनी हे नमुने थोड्याफार फरकाने उचलले. आजच्या टाऊन हॉलमधल्या त्या टेबलाची घडण इथली आहे. त्या मंडळाने एकेका घराची दर्शनी बाजू तपासावी असं मात्र त्यात नव्हतं. त्याचं काम होतं शहराचा मोठा आराखडा करणं आणि प्लॉट पाडणीला मंजुरी देणं.

झोनिंग घटनेत बसतं का, याचा निकाल १९२६ मध्ये लागला. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड गावात अँबलर रिअल्टी कंपनीची ६८ एकर जमीन होती. कारखान्यांसाठी एकराला १०,००० डॉलर येतील, घरांसाठी राखली तर २,५०० च मिळतील, असं कंपनीचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाची बाजू घेतली. न्यायमूर्ती सदरलँड यांनी उपद्रव म्हणजे काय हे सांगताना दिवाणखान्यात आलेल्या डुकराचं उदाहरण दिलं, म्हणजे वस्तू वाईट नसते, जागा चुकलेली असते. त्याच निकालात त्यांनी स्वतंत्र घरांच्या वस्तीतल्या अपार्टमेंट इमारतींना परोपजीवी म्हटलं. या एका शब्दाने पुढची कित्येक दशकं बहुकुटुंबी इमारतीच्या प्रत्येक अर्जदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. खालच्या न्यायालयाने अगोदरच बोट ठेवलं होतं, की अशी विभागणी शेवटी माणसांची उत्पन्नाप्रमाणे विभागणी ठरते. ते निरीक्षण अपिलात मागे पडलं.

इथे वंशाचा मुद्दा टाळून पुढे जाता येत नाही. लुईव्हिल शहराचं वंशावर आधारलेलं झोनिंग सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच रद्द केलं होतं. त्यानंतर तेच काम खासगी करारांनी केलं: खरेदीखतातच लिहायचं की हे घर गौरेतरांना विकता येणार नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने कर्जहमीच्या आपल्या पुस्तिकेत अशा अटींना उत्तेजन दिलं. न्यायालयांनी त्यांची अंमलबजावणी करू नये हे ठरायला १९४८ साल उजाडलं. घराच्या रूपावरचं नियंत्रणही आधी अशाच करारांमधून आलं. कॅलिफोर्नियात १९२० च्या दशकात आखलेल्या पालोस व्हर्डेस वसाहतीत ‘आर्ट ज्युरी’ होती आणि तिच्या मंजुरीशिवाय घराचा नकाशा पुढे सरकत नसे.

सरकारी मंडळांना सौंदर्याची भाषा इतक्या सहज बोलता येत नव्हती. न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९०५ मध्ये जाहिरातफलकांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं होतं, की सौंदर्य ही चैन आहे, गरज नाही, आणि चैनीसाठी कुणाच्या मालमत्तेवर बंधन घालता येत नाही. तरी फट सापडली. २९ जून १९२५ च्या भूकंपात सांता बार्बराचा मध्यभाग कोसळला. फेरउभारणीसाठी वास्तुपरीक्षण मंडळ नेमलं गेलं आणि लाल कौलं, पांढऱ्या भिंती, कमानी असं स्पॅनिश रूप शहराला आलं. ते मंडळ पुढच्याच वर्षी बरखास्त झालं, १९४७ मध्ये पुन्हा आलं. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनमध्ये जुने वाडे पाडून पेट्रोल पंप होऊ लागले. तिथल्या लोकांनी १९३१ मध्ये जुन्या शहराचा ऐतिहासिक विभाग आखून त्यावर परीक्षण मंडळ बसवलं. अमेरिकेतला हा पहिलाच असा प्रयोग. चार्ल्सटनचा दावा मला तरी समजतो: जपण्यासारखं काहीतरी समोर उभं होतं आणि त्याची हद्द नकाशावर आखलेली होती. गोंधळ झाला तो हेच हत्यार कालपरवा वसलेल्या उपनगरांनी उचललं तेव्हा.

त्यांना कायद्याचा आधार मिळाला १९५४ मध्ये. राजधानी वॉशिंग्टनच्या झोपडपट्टी निर्मूलनाच्या खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी लिहिलं, की समाज आरोग्यपूर्ण असावा तसा सुंदरही असावा हे ठरवणं कायदेमंडळाच्या अधिकारात बसतं. प्रश्न होता एका सबंध वस्तीच्या सक्तीच्या संपादनाचा. त्यातलं हे वाक्य मात्र गावोगावच्या वकिलांनी छपरं आणि खिडक्यांसाठी वापरलं. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने फॉक्स पॉइंट गावाचा उपविधी उचलून धरला. त्यात अट अशी, की नवं घर शेजारच्या घरांपेक्षा इतकं वेगळं नसावं की त्यामुळे परिसरातल्या किमती घसरतील. सौंदर्य म्हटलं की न्यायालय बिचकायचं, पण किंमत म्हटलं की आक्षेप उरायचा नाही.

त्याच सुमाराला उलट्या दिशेचे नियमही आले. लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउनमध्ये १९४७ ते १९५१ दरम्यान १७,००० हून अधिक घरं जवळजवळ एकाच साच्यातून काढली गेली. मग काही गावांनी नियम केले की लागून असलेली घरं फार सारखी दिसता कामा नयेत. काही उपविधींत ‘फार सारखं’ आणि ‘फार वेगळं’ ही दोन्ही कलमं एकाच पानावर नांदत होती. अर्जदाराने मधली वाट काढायची.

फार वेगळ्याचं काय होतं, ते क्लीव्हलँड हाइट्समध्ये दिसलं. एका बाईंना झाडांमधून वळत जाणारं, इंग्रजी यू अक्षरासारखं सैलसर पसरलेलं एकमजली घर बांधायचं होतं: दहा फूट उंचीचे, सपाट छपराचे वीस चौकोनी भाग. आजूबाजूला अडीच मजली, भारदस्त, पारंपरिक घरं. बांधकामात दोष कुणी काढला नाही. परीक्षण मंडळात तिघे वास्तुविशारद होते, म्हणजे जाणकार नव्हते असंही नाही. तरी घर परिसराच्या रूपाशी जुळत नाही म्हणून नकार मिळाला आणि ओहायोच्या अपील न्यायालयाने १९६३ मध्ये तो कायम ठेवला. असहमत न्यायाधीशांनी विचारलं, की सक्तीच्या एकसारखेपणाच्या गाड्याखाली या बाईंनी आपली निवड का चिरडून घ्यावी. १९७० मध्ये मिसूरीतल्या लडू गावात पिरॅमिडच्या आकाराच्या घराची तीच गत झाली. तिथे मालमत्तेच्या किमतींबद्दलची शपथपत्रं कामी आली.

न्यूयॉर्क राज्यातल्या राय गावचा किस्सा घराच्या नकाशाचा नाही, पण त्याच वर्षांतला आहे आणि हवा कशी होती ते दाखवतो. तिथल्या एका कुटुंबाने वाढत्या करांच्या निषेधार्थ १९५६ मध्ये घरासमोरच्या अंगणात दोरी बांधून फाटके कपडे आणि चिंध्या वाळत घातल्या. दर वर्षी एक दोरी वाढत गेली. सहा दोऱ्या झाल्यावर गावाने रस्त्यालगतच्या अंगणात दोरी बांधायला बंदी करणारा उपविधी केला. राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९६३ मध्ये तो वैध ठरवला आणि सौंदर्य हेही नियमनाचं रास्त कारण असू शकतं असं सांगितलं. किमतीची ढाल धरायचीही गरज उरली नाही.

जोरदार लगाम बसला तो १९९३ मध्ये, वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा शहरात. इमारत व्यापारी होती, पण निकालाने निवासी इमारतींच्या अर्जदारांनाही शस्त्र दिलं. नियमात शब्द होते ‘सुसंगत’, ‘रोचक’, ‘एकसुरी नको’. अर्जदारांनी रंग बदलला, छप्पर बदललं, दर्शनी बाजूत फेरफार केले. दर वेळी आयोगाला आणखी काहीतरी हवं होतं, पण नेमकं काय ते सांगता येत नव्हतं. गिलमन बूलेव्हार्ड या रस्त्यावरून एक चक्कर मारा म्हणजे कळेल, असा सल्ला मिळाला. एका सदस्याने स्वतःच अशी चक्कर मारून आपल्याला काय आवडलं, काय नाही, याचं टिपण सभेत वाचलं. अपील न्यायालयाने नियम संदिग्ध म्हणून फेटाळले आणि परवानगी देण्याचा आदेश दिला. सुजाण माणसाला नियम वाचून आपण काय बांधायचं ते कळलं पाहिजे, हा मुद्दा.

दुसरीकडे घरटंचाईनेही दबाव आणला. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या माउंट लॉरेल निकालात वाढत्या गावांनी कमी उत्पन्नाच्या घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे असं म्हटलं. ओरेगॉनने निवासी बांधकामासाठी स्पष्ट आणि वस्तुनिष्ठ निकषांचं तत्त्व स्वीकारलं आणि २०१७ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली. नॉर्थ कॅरोलिनाने २०१५ मध्ये तर सरळ यादीच दिली: एक-दोन कुटुंबांच्या घरांच्या बाबतीत रंग, बाह्य आवरण, छपराची शैली, दारं-खिडक्यांची मांडणी, खोल्यांची संख्या यांवर स्थानिक नियम नकोत, ऐतिहासिक विभाग यातून वगळले. खासगी करारांना मात्र हा कायदा हात लावत नाही. त्यामुळे घरमालक संघाची समिती दाराचा रंग आजही ठरवू शकते. म्हणजे नियंत्रण काही प्रमाणात पुन्हा आर्ट ज्युरीच्या घरी गेलं, आणि ते तिथे बरं असं वाटण्याचं मला कारण दिसत नाही, कारण संघाची बैठक बहुधा मंडळाइतकी उघड्यावर होत नाही.

कॅलिफोर्नियात १९८२ पासून असलेला गृहनिर्माण उत्तरदायित्व कायदा २०१७ मध्ये धारदार झाला. वस्तुनिष्ठ निकषांत बसणारा निवासी प्रकल्प गावाला मनमानी कारणं देऊन नाकारता येत नाही. त्याची परीक्षा सॅन माटेओमध्ये झाली. दहा घरांच्या चार मजली इमारतीला शहराने नकार दिला. शेजारच्या कमी उंचीच्या घरांकडे उंची टप्प्याटप्प्याने उतरत नाही, हे कारण. मार्गदर्शक तत्त्वांत अशा ‘टप्प्या’चा उल्लेख होता, पण तो किती, कुठून आणि कसा मोजायचा हे नक्की नव्हतं. अपील न्यायालयाने २०२१ मध्ये हा निकष वस्तुनिष्ठ नाही असं म्हणत नकार अवैध ठरवला.

त्यानंतर अनेक गावांनी आपली मार्गदर्शक तत्त्वं आकड्यांत लिहायला घेतली आहेत: भिंतीला दर इतक्या फुटांनी इतक्या इंचांची खाच, दर्शनी बाजूचा इतके टक्के भाग खिडक्यांचा, छपराच्या रेषेत इतक्या अंतरावर बदल. वास्तुविशारद आता ती यादी शेजारी ठेवूनच रेघ ओढायला लागतात, आणि सगळ्या खाचा नियमाप्रमाणे असलेली सुमार इमारत समोर आली तरी मंडळाला तिला हो म्हणावं लागतं.