लोर वेगळा आणि खुणा वेगळ्या, फॅन्टसी लिहिताना दोन्हीची गल्लत नको

फॅन्टसी लिहायला बसलं की आधी वही निघते, मग राजघराणी, युद्धं, देव, नकाशा, आणि चाळीसेक पानं भरली की वाटतं झालं जग तयार. माझंही तेच झालेलं. मैत्रीण वाचता वाचता तिसऱ्या प्रकरणावर थांबली आणि म्हणाली, अगं पण हे लोक पाणी कुठून भरतात? वहीत बाराशे वर्षांचा इतिहास होता, पाण्याचं एक अक्षर नव्हतं.

तेव्हापासून मी लोर आणि खुणा वेगळ्या धरते. लोर म्हणजे त्या जगात काय काय घडलं याची लेखकाकडची माहिती. खुणा म्हणजे त्या घडलेल्यातलं आज जे उरलंय ते, भिंतीत, नावात, सवयीत, बोलण्यात. दोन्ही भूतकाळाशीच जोडलेलं, म्हणून गल्लत होते.

आमच्या ठाण्याचं सेंट्रल जेल घ्या. पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला, 1737 मध्ये ठाणं मराठ्यांकडे आलं, 1774 मध्ये इंग्रजांकडे गेलं, हा झाला लोर. गोष्टीत असा परिच्छेद आला की वाचक तो ओलांडून पुढे जातो. पण त्याच किल्ल्यात आज जेल आहे, शत्रू आत येऊ नये म्हणून उभी केलेली भिंत आता माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून कामाला येते, आणि मुलाला भेटायला आलेली बाई तिच्या सावलीत नंबरची वाट बघत बसलीय, ही खूण. तिला सनावळी माहीत असायची काही गरजच नाही.

नावांचंही तसंच. शिलाहारांच्या काळातलं श्रीस्थानक झिजून ठाणं झालं. आणि आपल्या फॅन्टसीत मात्र सहा अक्षरी राजधानीचं नाव भाजीवालीसुद्धा हजार वर्षं पूर्ण उच्चारते, हे मला अजिबात पटत नाही. सीबीडी बेलापूरला जाणारा माणूस नुसतं सीबीडी म्हणतो की.

पण सगळ्यात चांगलं उदाहरण नवी मुंबईचं आहे. 1970 साली सिडको, म्हणजे नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली, आखीव शहर, सेक्टरला नंबर. नेरूळला किंवा कोपरखैरण्याला चालत जा, सरळ रस्ता, सरळ रस्ता, आणि एकदम गल्ली वळते, घरं एकमेकांना चिकटलेली, गावदेवीचं देऊळ, म्हणजे आपण गावठाणात शिरलो, आधी कोण होतं ते पायांनाच कळतं. आता याच्यामागचा लोर मोठा आहे, शहरासाठी गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या, मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, 1984 च्या जानेवारीत उरणजवळच्या जासईच्या बाजूला गोळीबारात पाच आंदोलक गेले. पण रोजच्या बोलण्यात यातलं काय उरलं तर "साडेबारा टक्के". गेलेल्या जमिनीच्या बदल्यात तिच्या साडेबारा टक्के इतका विकसित प्लॉट द्यायची योजना, आणि आज घर बघायला गेलेला माणूस सहज विचारतो, ही बिल्डिंग साडेबारा टक्क्याच्या प्लॉटवर आहे का. एवढी मोठी लढाई एका आकड्यात मावलीय, आणि तो आकडा वापरणाऱ्या कित्येकांना ती माहीतही नसते. माझ्यासाठी वर्ल्डबिल्डिंग, गोष्टीचं जग उभं करणं, म्हणजे हेच.

याचा अर्थ लोर फेकून द्या असा नाही हां. लोर नसला की खुणा नुसती सजावट होतात, जिकडेतिकडे पडके बुरूज, पण ते कोणी पाडले आणि दगड अजून तिथेच कसे, आजूबाजूच्या लोकांनी घरं बांधायला उचलून कसे नेले नाहीत, हे लेखकालाच सांगता येत नाही. लोर लिहा, भरपूर लिहा, फक्त प्रत्येक ओळीपुढे विचारा की यामुळे आज कोणाला लांबून चालत जावं लागतं, कोणाचं पोट चालतं, कोण कोणाच्या दारात जात नाही. उत्तर आलं तर ते गोष्टीत, नाही आलं तर ओळ वहीत राहू दे.

पाण्याचं मी असं केलं. हरलेल्या गावाला दर घरी रोज तीनच घागरी, असा एक जुना तह माझ्या वहीत आहे. गोष्टीत तह कुठेच येत नाही. फक्त लग्नाची बोलणी चाललेली असताना मुलीची आजी हळूच विचारते, "माणसं तीन घागरीतली नाहीत ना?"