निर्धूम दारू : ओळख आणि ऱ्हासाची तपासणी

निर्धूम दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोजपासून (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसासारख्या तंतूंपासून) बनवलेली, जळताना फारसा धूर न करणारी बंदुकीची दारू. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी 1884 मध्ये ती प्रथम यशस्वी केली. कॉर्डाइट ही ब्रिटिशांची निर्धूम दारू 1889 ची. नुसते नायट्रोसेल्युलोज असले तर एकघटकी, जोडीला नायट्रोग्लिसरीन आले तर द्विघटकी आणि त्यात नायट्रोग्वानिडीनची भर पडली तर त्रिघटकी, असे तिचे प्रकार मानतात.

दाणे चपट्या चकत्या, बारीक गोळ्या किंवा भोके पाडलेल्या नळ्या अशा आकारांचे असतात. बहुतेकांवर ग्राफाइटचा मुलामा असल्याने ते करडे-काळे दिसतात. हुबेहूब दिसणाऱ्या दोन दारू अगदी वेगवेगळ्या वेगाने जळू शकतात. डब्यावर मूळ नाव व लॉट क्रमांक नसेल तर निव्वळ नजरेने केलेली ओळख कुचकामी ठरते. अशी दारू भरून बंदुकीच्या नळ्या फुटल्या आहेत.

ही दारू जन्मापासूनच हळूहळू विघटित होत असते. त्यातून सुटणारी नायट्रोजनची ऑक्साइडे व आम्ल पुढच्या विघटनाला आणखी चालना देतात. उष्णतेने वेग वाढतो. मोठ्या साठ्यात आतली उष्णता बाहेर पडली नाही तर दारू आपोआप पेटते. फ्रान्समधील तुलाँ बंदरात 12 मार्च 1907 रोजी ‘इएना’ ही फ्रेंच युद्धनौका स्फोटात नष्ट झाली. सुमारे 120 माणसे दगावली. 25 सप्टेंबर 1911 रोजी त्याच बंदरात ‘लिबेर्ते’ ही युद्धनौकाही गेली. दोन्ही वेळा संशय बिघडलेल्या ‘बी’ दारूवर, म्हणजे व्हिएय यांच्या निर्धूम दारूवर गेला. तिच्यात स्थिरक (विघटन रोखून धरणारा पदार्थ) म्हणून अमिल अल्कोहोल असे, आणि जुना माल पुन्हा मळून वापरण्याची पद्धतही होती, त्यामुळे दारूचे खरे वय कळणे कठीण. पुढे नायट्रोजनची ऑक्साइडे शोषून घेणारे डायफिनिलअमाइन हे स्थिरक रूढ झाले.

ऱ्हास तपासण्याच्या एबल चाचणीत दारूचा नमुना गरम करून वर पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा अर्धा ओलावलेला कागद टांगतात. ओल्या-कोरड्या सीमेवर तपकिरी रेघ किती मिनिटांनी उमटते ते पाहतात. मर्क्युरिक क्लोराइडचा अंशही ही चाचणी चकवतो, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबणे धोक्याचे. मिथिल व्हायोलेट चाचणीत एकघटकी दारू 134.5 अंश सेल्सिअसला तापवतात आणि जांभळा कागद गुलाबी व्हायला लागणारा वेळ मोजतात. आज मुख्य भर क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) उरलेला स्थिरक मोजण्यावर असतो.

चांगल्या दारूला ईथर-अल्कोहोलसारखा द्रावकाचा वास येतो. नाकाला झोंबणारा आंबट वास, गंजासारखी तांबूस भुकटी, झाकणाला आतून लागलेला गंज किंवा तांबडी वाफ दिसली की ऱ्हास बराच पुढे गेलेला असतो. तसा डबा हलवू नये, पोलिसांना कळवावे.