ब्लू अँड लोनसम

‘ब्लू अँड लोनसम’ हा ‘द रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश रॉक बँडचा २ डिसेंबर २०१६ रोजी प्रकाशित झालेला स्टुडिओ अल्बम होय. यातील बाराही गाणी अमेरिकेतील ब्लूज (तिथल्या कृष्णवर्णीयांच्या सुखदुःखातून जन्मलेले संगीत) गायक-वादकांनी पूर्वी गाजवलेली असून बँडचा गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्‌स या जोडीने रचलेले एकही गाणे त्यांत नाही. बँडच्या अर्धशतकाहून मोठ्या कारकिर्दीत असे प्रथमच घडले. आधीचा स्टुडिओ अल्बम, ‘अ बिगर बँग’, २००५ साली निघाला होता.

हा अल्बम ठरवून केलेला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पश्चिम लंडनच्या चिझिक भागातील ब्रिटिश ग्रोव्ह या, गिटारवादक मार्क नॉफ्लरच्या मालकीच्या स्टुडिओत मंडळी नव्या गाण्यांसाठी जमली होती. पण काम मनासारखे होईना, तेव्हा हात मोकळे व्हावेत म्हणून रिचर्ड्‌सच्या सूचनेवरून अमेरिकेतील ब्लूज गायक व माउथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टरचे ‘ब्लू अँड लोनसम’ वाजवून पाहण्यात आले. ते इतके रंगले की एकामागून एक जुनी गाणी निघत गेली आणि अवघ्या तीन दिवसांत सगळे ध्वनिमुद्रण उरकले. सर्वांनी एकत्र बसून, मैफलीत वाजवावे तसे वाजवले. निर्मितीची धुरा डॉन वॉजने जॅगर-रिचर्ड्‌स यांच्यासह सांभाळली.

या गाण्यांशी बँडचे नाते जन्मापासूनचे आहे. १९६१ साली डार्टफर्ड स्थानकावर जॅगर आणि रिचर्ड्‌स यांची पुन्हा गाठ पडली, ती जॅगरच्या हातात असलेल्या चक बेरी व मडी वॉटर्स या अमेरिकी गायक-गिटारवादकांच्या रेकॉर्डमुळे. बँडचे नावही मडी वॉटर्सच्याच एका गाण्यावरून घेतलेले. १९६४ मध्ये त्यांनी शिकागोच्या, ब्लूजसाठी नावाजलेल्या चेस स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रण केले आणि त्याच वर्षी ‘लिटल रेड रूस्टर’ हे अस्सल ब्लूज गाणे ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर नेले. तेव्हा विशीतली ही पोरे थोरामोठ्यांचे दुःख उसने घेऊन गात होती. सत्तरी गाठलेल्या जॅगरच्या तोंडी तेच शब्द उसने वाटत नाहीत, आणि अल्बमचे खरे बळ इथेच आहे.

बारापैकी चार गाणी लिटल वॉल्टरच्या संग्रहातली आहेत, त्यामुळे माउथ ऑर्गनला इथे गिटारइतकेच महत्त्व आले आहे. मायक्रोफोन आणि माउथ ऑर्गन दोन्ही ओंजळीत घट्ट धरून तो आवाज गिटारच्या अँप्लिफायरमधून काढायचा, म्हणजे त्याला खरखरीत, जाडसर धार येते. हे तंत्र वॉल्टरनेच नावारूपाला आणले. ‘जस्ट युअर फूल’ या पहिल्याच गाण्यात जॅगर ते ज्या सहजतेने हाताळतो, ते ऐकल्यावर त्याच्यातला वादक इतकी वर्षे गायकाच्या सावलीत का राहिला, असा प्रश्न पडतो. उरलेली गाणी हाउलिन वुल्फ, मॅजिक सॅम, जिमी रीड आदींच्या नावाशी जोडलेली आहेत. बंदिश तीच ठेवून गायकी आपली मांडावी, तसा हा प्रकार असला तरी स्टोन्सनी मूळ चालींशी फारशी खटपट केलेली नाही. कोणाला ही नक्कल वाटेल. मात्र ‘कमिट अ क्राइम’मधील बँडचा ड्रमवादक चार्ली वॉट्स याचा ठेका ऐकल्यास तो आक्षेप टिकणे कठीण आहे.

शेजारच्याच स्टुडिओत स्वतःच्या अल्बमवर काम करणारा ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन सहज डोकावला आणि दोन गाण्यांत वाजवून गेला. त्यांपैकी ‘एव्हरीबडी नोज अबाउट माय गुड थिंग’मध्ये त्याची स्लाइड गिटार (तारांवरून नळी सरकवत वाजवलेली) आहे, तर दुसरे, ‘आय कान्ट क्विट यू बेबी’, हे विली डिक्सनने लिहिलेले आणि ओटिस रशने १९५६ मध्ये प्रथम गायलेले गाणे अल्बमच्या शेवटी येते.

अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या, तर अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोहोचला आणि २०१८ साली त्याला सर्वोत्कृष्ट पारंपरिक ब्लूज अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. वॉट्सच्या हयातीत प्रकाशित झालेला बँडचा हा अखेरचा स्टुडिओ अल्बम ठरला. २४ ऑगस्ट २०२१ रोजी त्याचे निधन झाले. त्यानंतरच्या ‘हॅकनी डायमंड्‌स’ (२०२३) या अल्बममध्ये पुन्हा नवी गाणी आली, पण त्याचा शेवट जॅगर आणि रिचर्ड्‌स या दोघांनीच वाजवलेल्या, ज्यावरून बँडचे नाव पडले त्या मडी वॉटर्सच्या गाण्याने होतो.